नैवेद्याचा परिच्छेद

आमच्या ऑफिसात निवेदनातल्या चौथ्या परिच्छेदाला नैवेद्य म्हणत. पहिल्या परिच्छेदात विषय, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात मागणी आणि चौथ्यात नैवेद्य. सरकारकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्या साहेबांचं पहिलं वाक्य. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी ते मला ऐकवलं आणि पुढची वीस वर्षं ऐकवत राहिले. आपणही काहीतरी सोडतो आहोत असं समोरच्या खात्याला दिसलं पाहिजे. मात्र सोडायचं ते असं, की दिसायला ताटभर आणि आपल्याला त्याची झळ नाही. देवापुढे ताट ठेवतो, भोवती पाणी फिरवतो आणि मग तेच ताट घेऊन आपण जेवायला बसतो, तसं. देव काही खरोखर खात नाही, ह्या भरवशावर सगळा कारभार चाललेला असतो.

ऑफिस गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून आत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली लग्नपत्रिका छापणारा, वर आम्ही. दारावर राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या संघटनेची पाटी होती, तरी पत्रिका छापायला आलेली माणसं हमखास आमच्याकडे चढून यायची आणि आम्ही त्यांना खाली पाठवायचो. जिल्ह्यांचं गाऱ्हाणं मुंबईत मांडणं हे आमचं काम. कुठे शाळांची छपरं गळताहेत, कुठे गुरांचे डॉक्टर नाहीत, कुठे पाण्याची योजना कागदावरच अडकली आहे. तिथले सदस्य पत्र पाठवायचे, आम्ही त्याचं निवेदन करायचो, ते घेऊन मंत्रालयात जायचो, अधिवेशनाआधी आमदारांना प्रश्न लिहून द्यायचो आणि मग फाइल कुठल्या टेबलावर निजली आहे ते महिनोन्‌महिने शोधत फिरायचो. ह्याला आता धोरणविषयक काम म्हणतात. आमच्या लालबागच्या चाळीत 'ती मंत्रालयात असते' एवढंच म्हणत, आणि त्या भरवशावर कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा गिरणी कामगाराच्या घराचा अर्ज माझ्या गळ्यात मारत.

साहेब म्हणजे आमचे कार्यवाह. आयुष्य मंत्रालयात घालवून निवृत्त झालेले, दादरला राहणारे, शुद्धलेखनाची चूक दिसली की दाढ दुखल्यासारखा चेहरा करणारे. ते मला बाई म्हणत, मी त्यांना साहेब. मसुदा हातात घेतला की तीन परिच्छेद नुसते चाळायचे आणि विचारायचे, "बाई, नैवेद्य काय ठेवलाय?" चांगला जमला असेल तर चष्मा काढून ठेवायचे, हीच त्यांची शाबासकी. नैवेद्य लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते ह्या बढाईमुळेच झालं, म्हणून सांगते.

माझे वडील लालबागच्या खोलीत राहायचे, भाऊ आणि वहिनीबरोबर. मी लग्न होऊन दादरला आले, पण रविवारची दुपार लालबागला, हा नेम कधी मोडला नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी बडबड केली नाही, मोर्चाला जायचं तेव्हा गेले, यायचं तेव्हा आले. मूळचे कोकणातले. आमचं गाव खाडीच्या पलीकडे आहे, आणि खाडीवर पूल व्हायच्या आधी कुणी आजारी पडलं तर माणसाला डोलीत घालून चौघांनी उचलायचं, तरीपर्यंत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीपर्यंत न्यायचं आणि ती कधी येते त्याची वाट बघायची. बाबांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात अशीच डोलीत गेली. डोली उचलणाऱ्या चौघांत बाबा होते. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ह्याविषयी ते जन्मात दोनदाच बोलले, आणि दोन्ही वेळा एवढंच म्हणाले की वजन मधेच वाढल्यासारखं वाटलं.

पुढे मी शाळेत असताना गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं आणि जागेसाठी अडलं. रस्त्याला लागून सपाट जागा गावात एकच होती आणि ती आमची होती. बाबांनी ती दोन गुंठे जागा बक्षीसपत्र करून देऊन टाकली. काकांनी भांडण केलं, चुलत घराणं आमच्याशी सात-आठ वर्षं बोललं नाही. आईनेही ऐकवलं, की मुंबईत एक खोली, गावात एक तुकडा, त्यातला तुकडा गेला. बाबांनी दारावर नाव लावायला नको म्हटलं. एकच मागितलं. नर्सबाईला म्हणाले, इथे मूल जन्माला आलं की मला कळवत जा.

आणि नर्सबाईंनी कळवलं. महिन्याच्या महिन्याला लालबागला पोस्टकार्ड यायचं, त्यात तारखा असायच्या. बाबांच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीवर मोठं कॅलेंडर टांगलेलं असायचं, त्यावर त्या तारखेच्या चौकोनात ते निळ्या शाईने बरोबरची खूण करायचे. मुलगा असो, मुलगी असो, खूण तीच. मी अभ्यास करायचे ती जागा त्या कॅलेंडरच्या खालीच होती. महिना उलटताना मी खुणा मोजायचे. एक तरी असायचीच. दोन असल्या की बाबा त्या दिवशी परळच्या नाक्यावरून खाजा घेऊन यायचे. नर्सबाई बदलत गेल्या, पण जाणारी येणारीला सांगून जायची, की मुंबईला एका म्हाताऱ्याला कळवायचं असतं. पोस्टकार्डं जाऊन फोन आले, तरी रिवाज चालू राहिला. कॅलेंडर दर वर्षी मी न्यायचे, डिसेंबर संपता संपता, गिरगावातल्या दुकानातून. त्यांना मोठ्या चौकोनांचंच लागायचं.

आता त्या निवेदनाकडे येते.

उपकेंद्रांमध्ये नर्सबाईंच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या. सगळ्या जिल्ह्यांची एकच तक्रार, की एकेका बाईकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रं आहेत, आणि ज्या केंद्रात माणसांची रीघ आहे तिथेही बाई आठवड्यातून दोनदाच येते. मागणी सरळ होती, रिकामी पदं भरा. मी तीन परिच्छेद एका सकाळी लिहून काढले. अडलं ते चौथ्यावर. सरकारला काय दाखवायचं? मग माझ्या डोक्यात आलं, की काही केंद्रं नुसती नावाला असतील, तिथे कुणी जातही नसेल. ती सोडून देऊ. मी लिहिलं, ज्या उपकेंद्रांत महिन्याला सरासरी एकही प्रसूती होत नाही, अशी उपकेंद्रं शेजारच्या केंद्रात समायोजित करण्यास संघटनेची हरकत असणार नाही.

महिन्याला एक. हा निकष मी कुठून आणला, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी ऐटीत सांगितलं असतं. साहेबांनी खरंच विचारलं. ते म्हणाले, जिल्ह्यांकडून आकडे मागवलेत का. मी म्हटलं, अधिवेशन तोंडावर आलंय, जिल्हे तीन महिने लावतील आणि चार तऱ्हांचे तक्ते पाठवतील. ते म्हणाले, मग तुमच्या गावच्या केंद्रात किती होतात ते तरी माहीत आहे का. मी म्हटलं, "आमच्याकडे महिन्याला एक तरी होतंच, साहेब. कधीकधी दोन." आणि हे मी थापा मारत नव्हते. रविवारी मी बाबांच्या खोलीत बसायचे तेव्हा समोरच्या कॅलेंडरवर निळ्या खुणा दिसायच्याच, भरपूर दिसायच्या. मी तो निकष मुद्दाम आखला होता, आपलं केंद्र आत राहील असा. आपलं ताट झाकून ठेवून मगच नैवेद्य दाखवला, असं समजत होते मी.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि सही केली.

ऑगस्टात शासन निर्णय आला. आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. मागणीबद्दल त्यात एक वाक्य होतं, रिक्त पदांबाबत यथावकाश स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल. बाकी तीन पानं माझा चौथा परिच्छेद होता. आमचं पत्र मान्य झालं होतं म्हणायला हरकत नव्हती, फक्त जे मागितलं होतं ते नव्हे, जे देऊ केलं होतं ते. देवाने ताट उचलून नेलं होतं. आमच्यातला एकजण हसला, मीही हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, कुणी लबाडी केलेली नाही. आपण दिलं, त्यांनी घेतलं."

पंधरा दिवसांनी जिल्हावार यादी आली. मी आमच्या जिल्ह्याचं पान उघडलं ते नुसतं कुतूहल म्हणून. तालुक्यातली नऊ नावं होती. सहावं नाव आमच्या गावचं होतं.

मला वाटलं, चूक आहे. टंकलेखनात होतात अशा चुका, आमच्याकडे तर एकदा एका तालुक्याला दुसऱ्याच जिल्ह्यात नेऊन घातलं होतं. चूक असेल तर एका पत्राचं काम, असं म्हणत मी तशीच उठले आणि खुणा मोजायला लालबागला गेले. रविवार नव्हता, त्यामुळे वहिनीने दारातच विचारलं, काय गं, बरं आहे ना. बाबा खाली बाकावर जाऊन बसले होते. मी चप्पल काढून खाटेपाशी गेले आणि कितीतरी वर्षांनी त्या कॅलेंडरचे चौकोन जवळून बघितले.

खुणा होत्या. जुलैत सात, ऑगस्टात पाच. प्रत्येक खुणेशेजारी बारीक अक्षर होतं, ते खाटेपासून चार पावलांवर बसून कधी दिसलंच नव्हतं. विंचू. ताप. लस. कुत्रा. ड्रेसिंग. परत लस. मी मागची पानं उलटली. साप, वाचली, असं एका खुणेपाशी होतं. मूल असं एप्रिलात होतं. त्याआधी थेट आदल्या कॅलेंडरवर असणार, आणि ते रद्दीत गेलं होतं.

वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, अगो, गावात आता मूल कुठून व्हायचं. पोरं सगळी इथे नाहीतर पुण्यात. आणि जी कोण आहे तिला नवरा गाडीत घालून तालुक्याला नेतो, पूल झाला ना. मग बाबा काय करणार, नर्सबाईला म्हणाले, कोण येऊन बरा होऊन गेला तरी मला सांग. म्हणून ह्या खुणा.

पूल झाला त्याला किती वर्षं झाली हे मला तोंडपाठ होतं. त्या पुलाचं निवेदन आमच्याच ऑफिसातून गेलं होतं. आणि तरी माझ्या डोक्यातलं गाव तेच होतं, जिथून महिन्याला एक पोस्टकार्ड येतं. आम्ही मुंबईत राहणारे गावाचं नाव सारखं घेतो, गणपतीला जातो, चार दिवस राहून फणसपोळी घेऊन येतो आणि समजतो की आम्हाला गाव कळतं. मला लाज वाटली. दुःख नंतर वाटलं, आधी लाज.

बाबा वर आले ते मला बघून हरखले. त्यांना कळलं होतं. नर्सबाईने सकाळीच फोन केला होता. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "आमचो दवाखानो बंद केल्यानी गो."

मी म्हटलं, हो, कळलं. ते म्हणाले, बरं झालं तू आलीस, तूच ह्या कामातली आहेस. भावाने सरपंचांकडून मोबाइलवर आलेला शासन निर्णय खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला होता. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तरी बारीक टाइप वाचता येत नव्हता. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या पानापासून सुरुवात केली, तर म्हणाले, वरसून वाच. युनियनच्या दिवसांत गिरणीच्या गेटवर परिपत्रकं वाचून दाखवली जायची, त्या सभांना उभा राहिलेला माणूस. कागद कुठून फसवतो हे त्याला माहीत होतं.

शासन निर्णयाच्या डोक्यावर, विषयाच्या खाली, 'वाचा' असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली हा निर्णय ज्या कागदांच्या आधारे घेतला ते कागद क्रमाने दिलेले असतात. पहिलं एक जुनं परिपत्रक होतं, दुसरं एका समितीचं इतिवृत्त. तिसरं आमचं निवेदन, संघटनेच्या नावासकट, मी स्वतःच्या हाताने जावक नोंदवहीत घातलेल्या क्रमांकासकट. मी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं आणि प्रस्तावनेवर गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, आणि तो मी त्याच क्षणी वापरून घेतला.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, एक अर्ज लिही, माझ्या नावाने. जागा मी दिली आहे, मला एवढं विचारायचा हक्क आहे. मी वहीतलं पान घेतलं. सवयीने तीन परिच्छेद लिहून झाले आणि हात थांबला. बाबांना माझ्या ऑफिसातली नैवेद्याची गंमत ठाऊक होती, मीच ती कितीदा रंगवून सांगितली होती. ते म्हणाले, काय, नैवेद्यावर अडलंस? मी म्हटलं, नको, ह्यात नैवेद्य नको. तर म्हणाले, "ठेवूक तरी काय रवला? जागा होती ती दिलंय." आणि सही करायला हात पुढे केला.

तो अर्ज घेऊन मी तीन महिने फिरले. स्वतःची रजा टाकून फिरले, कारण हे संघटनेचं काम नव्हतं. संबंधित कक्ष अधिकारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. आमची वर्षानुवर्षांची ओळख, त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी जेवून आलेली. त्यांनी अर्ज नीट वाचला. बक्षीसपत्राची प्रत बघितली. मग फाइल उघडून आमचं निवेदन माझ्यापुढे ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, निकष तुमचाच आहे. आम्ही एक शब्द बदललेला नाही."

मी म्हटलं, निकष चुकला. त्या म्हणाल्या, संघटनेचं तसं पत्र आणा. मी साहेबांकडे गेले. त्यांची तब्येत तेव्हा बरी नसायची, दादरच्या घरीच असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पत्र द्यायची त्यांची तयारी होती, पण ते म्हणाले, आधी बाकीच्या जिल्ह्यांना विचारा. विचारलं. मराठवाड्यातल्या एका सदस्याने फोनवर सांगितलं, ताई, आमच्याकडे ह्या निर्णयाने दोन नर्सबाई आल्यात, आमच्या केंद्राबाहेर बायका उन्हात रांगेला बसायच्या, त्या आता बसत नाहीत, आता मागे नका फिरवू. त्याचं काहीही चुकत नव्हतं. आमच्या गावच्या नर्सबाईचीही बदली झाली होती, डोंगरातल्या एका मोठ्या केंद्रावर, जिथे तिची जास्त गरज होती. धोरण म्हणून पाहिलं तर माझा परिच्छेद चांगला होता. अजूनही मला तसं वाटतं. त्याने माझा काही त्रास कमी होत नाही.

ज्यांना विंचू चावला, कुत्रा चावला, त्यांच्यासाठी माझ्या निकषात जागाच नव्हती. मी फक्त जन्म मोजले होते. तेही न मोजताच.

दिवाळी झाली. दर रविवारी बाबा विचारायचे, अर्ज खय पोचलो? मी सांगायचे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलाय. हे खोटं नव्हतं, पण टेबलं मला माहीत होती आणि त्या टेबलांना पुढे वाट नाही हेही माहीत होतं. ते चाळीतल्या लोकांना सांगायचे, आमची मुलगी बघते आहे, होईल. बाकावरची म्हातारी माणसं मला बघून मान डोलवायची. ती मान डोलवणं मला सोसेना.

एका रविवारी भाऊ-वहिनी घोडपदेवला कुणाच्या साखरपुड्याला गेले होते. आम्ही दोघंच होतो. मी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. तिसरा कागद मी गाळला होता, तो आमचा होता. परिच्छेद माझा होता. महिन्याला एक हे मी लिहिलं होतं.

त्यांचा चहा पिऊन झाला. मला वाटलं ओरडतील. ते कधी ओरडले नव्हते, पण त्या दिवशी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि नुसतं कळून घ्यावं तसं विचारलं, "महिन्याक एक? ह्या खयसून काढलंस?"

मी म्हटलं, "तुमच्या कॅलेंडरवरून, बाबा. लहानपणी असायची ना, महिन्याला एक तरी. आणि आताही खुणा दिसायच्या."

त्यांनी मान वळवून कॅलेंडरकडे बघितलं. नोव्हेंबरच्या पानावर एकही खूण नव्हती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दर आयतवारी येतंस. समोर बसतंस. माका एकदा इचारूचा होता गो."

एवढंच बोलले. पुन्हा कधी त्यांनी अर्जाबद्दल विचारलं नाही. चाळीत काय सांगितलं मला माहीत नाही, पण बाकावरच्या माणसांनीही विचारणं सोडलं. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलायचे, जेवून जा म्हणायचे, गुडघा दुखतो म्हणायचे. नर्सबाईने नव्या केंद्रावरून एकदा फोन केला, मुलगी झाली म्हणून सांगायला, रिवाज तिने मोडला नव्हता. बाबांनी विचारलं, कुठल्या गावात. तिने नाव सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं, सुखी राहू दे. फोन ठेवला. पेन शेजारी फळीवरच होतं, त्यांनी घेतलं नाही. हे मला वहिनीने सांगितलं.

डिसेंबरच्या शेवटी मी गिरगावातून कॅलेंडर घेतलं, दर वर्षीसारखं, मोठ्या चौकोनांचं. लालबागला गेले, जुनं उतरवलं, खिळा हलत होता तो ठोकून बसवला आणि नव्याची गुंडाळी उघडायला लागले. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "तुझ्या वयनीक दी. तिका तिथी बघूक लागतत." मी म्हटलं, वहिनीसाठी वेगळं आणते, हे तुमचं आहे.

"माका आता कित्याक?" ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी ते कॅलेंडर स्वयंपाकघरात नेऊन टांगलं.